जुन्या मोटारीची तहान

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल जळतें आणि त्याच्या बळावर गाडी धांवते, एवढें ज्ञान शाळेंतील मुलालाहि असतें. पण त्या ज्वलनांतून निघणारी उष्णता जाते कोठें, याचा विचार गाडीचे मालकहि क्वचितच करतात. जुन्या धाटणीच्या पेट्रोल-इंजिनांत या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामीं येतो. एक मोठा हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरवाटे बाहेर पडतो, आणि सुमारें एक-तृतीयांश उष्णता सिलिंडरच्या भिंतींत शिरते. ती तेथून वेळच्या वेळीं काढून नेली नाहीं, तर वंगण करपतें, पिस्टन फुगून सिलिंडरांत अडकतो आणि ओतीव लोखंडाला तडा जातो. ही उष्णता उचलून बाहेर नेण्याचें ओझें ज्याच्या पाठीवर असतें, तें पाणी. जुन्या मोटारीचें आयुष्य पेट्रोलपेक्षां या पाण्यावर अधिक अवलंबून असतें. आणि तें पाणी कोणत्या विहिरीचें, हा प्रश्न वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

मोटारीची ही तहान तिच्या जन्मापासूनची आहे. १८८६ सालीं कार्ल बेंझ यानें जर्मनींत ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तिच्या इंजिनाभोंवतींचें पाणी उकळून वाफेच्या रूपानें उडून जाई. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बर्था हिनें आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास त्या गाडींतून केला, तेव्हां वाटेंत मिळेल तेथून पाणी घेऊन तें वारंवार इंजिनांत ओतावें लागलें. पुढें विल्हेल्म मायबाख यानें १९००-०१ च्या मर्सिडीज गाडीच्या तोंडाशीं आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसविला. तापलेलें पाणी त्या नळ्यांपाशीं आणून वार्‍यानें निववावें, आणि तेंच पाणी पुन्हां इंजिनांत पाठवावें, ही विद्या तेथें स्थिरावली. आज रस्त्यावर दिसणार्‍या प्रत्येक जुन्या गाडीचा रेडिएटर त्याच कुळांतला आहे.

या यंत्रणेची रचना समजण्यास अवघड नाहीं. सिलिंडरांभोंवतीं ओतीव ठोकळ्यांतच पोकळ जागा राखलेल्या असतात. तेथें तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें, वरच्या रबरी नळींतून रेडिएटरांत येतें, तेथील नळ्यांतून उतरतां उतरतां निवतें, आणि जड होऊन खालच्या नळीनें पुन्हां इंजिनांत शिरतें. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत, अगदीं आरंभींच्या थोड्या गाड्या वगळल्या, तर पाणी फिरविण्यास पंपच नव्हता. केवळ ऊन पाण्याच्या या चढ-उतारावर तिचें काम चाले. पुढें इंजिनें जोरदार झालीं, तेव्हां पंप आला, पंख्याचा पट्टा आला, आणि पाणी नीट तापेपर्यंत त्याची वाट अडवून धरणारा थर्मोस्टॅट नांवाचा दारवान आला. शेवटीं आलें तें दाबाचें झांकण.

या झांकणाचें महत्त्व हिंगोलीच्या पठारावर विशेष आहे. हें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच असल्यानें तेथें उघड्या भांड्यांतील पाणी शंभर अंशांच्या दीड-एक अंश आधींच उकळूं लागतें. रेडिएटरचें झांकण हवेच्या निम्म्या दाबाइतका जादा दाब आंत राखूं शकलें, तर तेंच पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाहीं. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचेंच हें तत्त्व. झांकणाखालचें रबर वाळून चिरलें किंवा त्याची स्प्रिंग थकली, कीं ही सारी सवलत नाहींशी होते. आणि मालक मात्र रेडिएटर बदलण्याच्या खर्चाच्या विवंचनेंत पडतो. दोष कित्येकदां सार्‍या यंत्रणेंतील सर्वांत स्वस्त वस्तूंत असतो. मात्र नवें झांकण त्या गाडीसाठीं ठरलेल्या दाबाचेंच घ्यावें. अधिक दाबाचें झांकण बसविल्यास जुन्या रेडिएटरचे सांधे उकलतात.

महाराष्ट्राला या जुन्या गाड्यांचा जिव्हाळा असण्यास कारण आहे. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ मध्यें मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्याच कारखान्यांतील छोटी फियाट, जी पुढें ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणून घरोघरीं माहीत झाली, ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून निवृत्त झाली. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. आतां या गाड्या उरल्या आहेत त्या घरच्या वडीलधार्‍यांची आठवण म्हणून, किंवा हौसेनें सांभाळलेल्या. २०२१ सालीं भारत सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. म्हणजे अशा गाडीची किंमत तिच्या मूळ इंजिनांत आहे; आणि एकदां तडकलेलें ओतीव हेड पुन्हां पहिल्यासारखें क्वचितच होतें.

आतां अशी एखादी फियाट पुण्याहून मराठवाड्यांत निघाली आहे, अशी कल्पना करावी. सेनगांव तालुक्यांतील साखरा हें मुलांच्या आजोळचें गांव. वैशाखाचे दिवस, पारा चाळीस अंशांच्या वर, आणि गाडींत पांच माणसें व सामान. गाडी गांवीं पोहोंचते. रेडिएटरांत पाणी थोडें कमी दिसतें. आणि घरांतील कोणीतरी मोठ्या आपुलकीनें विहिरीची ताजी बादली आणून तो कांठोकांठ भरून देतें. त्या दिवशीं कांहींच बिघडत नाहीं. गाडी सुखरूप परत जाते. पुढील वर्षीं तेंच, त्यापुढील वर्षीं तेंच. आणि मग एखाद्या उन्हाळ्यांत चढावावर गाडी फुसफुसूं लागते, तेव्हां दोष उन्हाला दिला जातो.

ऊन निर्दोष आहे असें नव्हे. पण मूळ कारण त्या बादलींत असतें. मराठवाड्याचा खडक बेसाल्टाचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. त्याच्या भेगांतून झिरपतांना पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर घेतें. गांवाच्या नांवांत साखर असली आणि पाणी जिभेला गोड लागलें, तरी इंजिनाची परीक्षा निराळी असते. हें पाणी तापलें, कीं त्यांतील विरघळलेला चुना घट्ट होऊन भिंतीला चिकटतो. जुन्या वाड्यांतील तांब्याच्या बंबाच्या पोटांत जो पांढरा कठीण थर चढे, तोच हा. हा थर उष्णतेला मोठा अडसर होतो. लोखंडांतून ज्या सहजतेनें उष्णता जाते, त्याच्या विसाव्या हिश्शानेंहि ती यांतून जात नाहीं. शिवाय तो नेमका तेथेंच जमतो, जेथें इंजिन सर्वांत तापलेलें असतें. बाहेर पाणी कोमट, आणि आंत लोखंड लाल होण्याच्या वाटेवर, असा प्रकार घडूं शकतो.

पाणी जड आहे कीं हलकें, हें ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. गांवांतील गृहिणींना ती परीक्षा पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ज्या विहिरीच्या पाण्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं, आणि हंड्याच्या तळाशीं पांढरें कवच धरतें, तें पाणी रेडिएटरांत घालूं नये.

येथें एक हिशेब ध्यानांत घेण्यासारखा आहे. एक लिटर पाण्यांत ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि यंत्रणेंत सहा लिटर पाणी मावतें, असें धरलें, तर एका भरणींत क्षार येतात अवघे अडीच ग्रॅम. तेवढ्यानें इंजिन मरत नाहीं. पण कोठेंतरी बारीक गळती असेल, आणि मालक रोज सकाळीं अर्धा लिटर पाणी ओतीत असेल, तर वर्षाकांठीं सुमारें पाऊणशें ग्रॅम क्षार आंत जातात. गळतें तें पाणी आपल्या वांट्याचे क्षार घेऊन जातें. परंतु उकळून वाफ होतें, तें सारे क्षार मागें ठेवून जातें. मिठागरांत मीठ पिकतें, त्याच न्यायानें रेडिएटरांत चुना पिकतो. म्हणून रोज पाणी घालावें लागणें हीच रोगाची खूण समजावी. बादली पुढें करण्यापूर्वीं गळती शोधणें, हें या विद्येंतील पहिलें कर्तव्य.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा रबरी नळ्यांची. गाडी थंड असतांना नळी बोटांनीं दाबून पाहावी. ती खारकेसारखी कडक किंवा भिजल्या पुठ्ठ्यासारखी लिबलिबीत लागली, तर बदलावी. खालच्या नळीच्या आंत कित्येकदां तारेची स्प्रिंग असते. पंपाच्या ओढीनें नळी चपटी होऊं नये, म्हणून ती घातलेली असते. नवी नळी बसवितांना ती स्प्रिंग फेंकून देण्याची चूक फार होते, आणि मग गाडी वेगांत असतांनाच तापते. दुसरी जागा पंपाची. त्याच्या पोटाखालीं एक बारीक भोंक असतें. तेथून पाण्याचा ओघळ दिसला, तर आंतील सील झिजलें, असें पंप स्वतःच सांगत असतो. तें भोंक बुजविणें म्हणजे साक्षीदाराचें तोंड बांधण्यासारखें आहे. तिसरी जागा ठोकळ्याच्या अंगावर बसविलेल्या पत्र्याच्या वाटोळ्या बुचांची. तीं आंतून गंजत येतात. आणि चौथी जागा हेडच्या गॅस्केटची. इंजिन थंड असतांना झांकण काढून तें सुरूं करावें. पाण्यांत सतत बुडबुडे येत राहिले, किंवा तेलाच्या झांकणाखालीं दुधाळ चिखल आढळला, तर गाडी न चालवितां थेट जाणत्या कारागिराकडे न्यावी.

पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबला असतां दीड-एक सेंटिमीटर लवावा. तो सैल असेल तर पंखा व पंप दोन्हीं आळशी होतात. फार ताणला तर पंपाचें बेअरिंग जातें. रेडिएटरच्या जाळींत कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा आणि किडे अडकतात. ते पंख्याच्या बाजूनें बाहेर, मंद धारेनें धुवून काढावे. जोराच्या धारेनें तांब्याचीं पातळ पानें वांकतात आणि वार्‍याची वाट कायमची बंद होते.

थर्मोस्टॅटविषयीं आपल्या उष्ण प्रदेशांत एक गैरसमज रूढ आहे. तो थंड देशांतील चोचला समजून कित्येक कारखान्यांत काढून टाकला जातो. वास्तविक इंजिनाला अति उष्णता जशी मारक, तशी अति थंडीहि. पाणी ऐंशीएक अंशांपर्यंत पोहोंचलें नाहीं, तर पेट्रोल नीट जळत नाहीं, तेलांत चिखल होतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय कांहीं इंजिनांत थर्मोस्टॅट नसल्यास पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतें, आणि गाडी उलट अधिकच तापते. तो चांगला आहे कीं नाहीं, हें घरींच कळतें. पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत तो दोरीनें टांगावा, जवळ तापमापक धरावा, आणि पाणी हळूहळू तापवावें. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला, तर निर्धास्तपणें परत बसवावा.

मग रेडिएटरांत घालावें काय? ऊर्ध्वपातित पाणी उत्तम. तें नसेल, तर पावसाचें पाणी: पहिल्या दोन-चार सरींनीं छप्पर धुवून निघाल्यावर स्वच्छ भांड्यांत धरलेलें आणि फडक्यांतून गाळलेलें. पण निव्वळ शुद्ध पाण्यानें लोखंड गंजतें. म्हणून त्यांत गंजरोधक असलेलें कूलंट उत्पादकानें सांगितलेल्या प्रमाणांत मिसळावें. आपल्याकडे पाणी गोठण्याचें भय नाहीं. कूलंट घालावयाचें तें गंज टाळण्यासाठीं आणि उत्कलनबिंदु थोडा वर नेण्यासाठीं. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे आणि त्यांचे सांधे शिशा-कथलाच्या डाखाचे असतात. नव्या गाड्यांसाठीं निघालेलीं कांहीं सेंद्रिय आम्लयुक्त कूलंटें या डाखाला मानवत नाहींत. जुन्या पद्धतीचें, सिलिकेटयुक्त कूलंट घ्यावें आणि तें दर दोन वर्षांनीं बदलावें. एक गोष्ट मात्र घरांतील प्रत्येकास सांगून ठेवावी: यांतील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. काढलेलें जुनें कूलंट अंगणांत ओतल्यास कुत्रें-मांजर तें चाटतें, आणि लहान मूलहि भुलूं शकतें. डब्यावर नांव लिहून तो कुलुपांत ठेवावा.

चढलेला थर काढावयाचा असेल, तर घाई करूं नये. थंड गाडीचें पाणी खालच्या तोटींतून व ठोकळ्याच्या तोटींतूनहि सोडून द्यावें. नुसता रेडिएटर रिकामा केल्यास इंजिनांतील गाळ तसाच राहतो. मग उलट दिशेनें, खालून वर, मंद धार सोडून गाळ धुवावा. थर हलका असेल, तर लिंबाच्या सत्त्वाचें सौम्य पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवावें, आणि मग स्वच्छ पाण्यानें तीन-चार वेळां धुवून काढावें. फरशी धुण्याचें ॲसिड वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो ऐकूं नये. तें थराबरोबर डाखहि खातें. धुण्याचा सोडाहि जपून. फियाटचा ठोकळा लोखंडाचा असला, तरी हेड ॲल्युमिनियमचें आहे, आणि सोडा ॲल्युमिनियमला पोखरतो. थर जुना व घट्ट असेल, तर रेडिएटर उतरवून, त्याच्या वरखालच्या टांक्यांचा डाख सोडवून, सळईनें एकेक नळी मोकळी करणारा कारागीर गांठावा. अशीं माणसें मोठ्या शहरांतहि आतां थोडीं उरलीं आहेत. त्यांची ओळख ठेवणें हाहि देखभालीचाच भाग आहे.

इतकें करूनहि रस्त्यांत गाडी तापली तर? तेव्हां यंत्राआधीं माणसाचा विचार करावा. दाबाखालचें ११० अंशांचें पाणी झांकण निघतांच क्षणांत वाफ होऊन उसळतें, आणि वांकून पाहणार्‍याचा चेहरा व हात भाजून काढतें. म्हणून गाडी सांवलींत उभी करून इंजिन बंद करावें, मुलांना दूर बसवावें, आणि घड्याळ लावून निदान अर्धा तास थांबावें. नंतर जाड फडकें झांकणावर टाकून, चेहरा बाजूला ठेवून, तें पहिल्या खांचेपर्यंतच फिरवावें. फुसफुस पूर्ण थांबल्यावर तें काढावें. पाणी कमी झालें असेल, तर इंजिन सुरूं ठेवून बारीक धारेनें घालावें. तापलेल्या इंजिनावर एकदम थंड घागर रिती करणें म्हणजे तापल्या कांचेवर पाणी ओतण्यासारखें आहे. हेडला तडा जातो तो बहुधा याच क्षणीं. अशा वेळीं दुसरें पाणी नसेल, तर विहिरीचेंहि घालावें. अडलेल्या माणसांपुढें चुन्याचा विचार गौण होय. फक्त घरीं पोहोंचल्यावर तें काढून टाकण्यास विसरूं नये.

या सर्वाला वर्षाकांठीं दोन दिवस पुरतात. होळीच्या आधीं एक दिवस नळ्या, पट्टा, झांकण आणि जाळी तपासण्याचा. दुसरा श्रावणांत, जेव्हां आकाश स्वतःच हलकें पाणी घरावर पाठवीत असतें, तेव्हां पांच लिटरांचे दोन डबे भरून, बूच घट्ट लावून, त्यांवर ‘गाडीसाठीं’ असें लिहून ठेवण्याचा. साखर्‍यासारख्या गांवीं जातांना त्यांतील एक डबा गाडीच्या मागच्या कप्प्यांत असला, म्हणजे यजमानानें प्रेमानें पुढें केलेली बादली पिण्यासाठीं घ्यावी, पाहुण्यांनीं तिचें गोड पाणी पोटभर प्यावें, आणि गाडीला तिचें स्वतःचें पाजावें.